काकूंच्या दाढेतला जागल्या

भागीरथीकाकूंच्या दाढेने सलग तिसऱ्या आठवड्यात त्यांच्याविरुद्ध साक्ष दिली, तेव्हा अनसूयाच्या कपाळावरचं देवळातलं गंध अजून ओलं होतं. कार्तिकातली द्वादशी. भगवंताचं दर्शन घेऊन, एकादशी सोडून ती बार्शीतल्या आपल्या दवाखान्यात आली आणि नेहमीसारखी संगणकासमोर बसली. पडद्यावर नाव होतं भागीरथी त्र्यंबक नागणे, वय बासष्ट. खाली ओळ होती: तंबाखूचा अंश, दुपारी एकच्या सुमारास. आणि तिच्याही खाली, आज पहिल्यांदाच, एक तांबडी खूण.

"रझियाआपा, दार लोटा जरा."

रझियाआपा या दवाखान्यात वीस वर्षं मदतनीस होत्या. डॉक्टरांच्या आवाजावरून त्यांना केस कळायची.

"परत नागणेकाकू?"

"लाल आलंय."

"या अल्ला." त्यांनी पडद्यात डोकावून पाहिलं. "मी म्हटलंच होतं मॅडम, त्या मिश्री लावतात. माझी सासू अशीच होती. शपथा घ्यायची, रडायची, आणि डबी उशीखाली!"

अनसूयालाही तेच वाटत होतं.

या कॅपचं थोडं सांगायला हवं. दाढेची मुळं साफ केली की वर टोपी बसवतात, तिला सगळे कॅप म्हणतात. तीन वर्षांपूर्वी एका कंपनीने तशाच पांढऱ्या कॅपच्या पोटात मोहरीएवढी चकती बसवली आणि तिचं नाव ठेवलं 'जागल्या', म्हणजे गावचा पहारेकरी. चकतीवर केसाहून बारीक असे हजारो धागे. प्रत्येक धाग्याला लाळेतला एकच ठरावीक पदार्थ चिकटतो. कुठे साखर, कुठे निकोटिन, कुठे औषधाचा अंश. पदार्थ चिकटला की धाग्यातून जाणारी वीज किंचित बदलते आणि तो बदल नोंदला जातो. वीज लागते ती चावण्याच्या दाबातूनच तयार होते. पहिला आठवडा तोंडाची ओळख करून घेण्यात जातो, मग दर आठवड्याला अहवाल.

काही धागे वेगळ्या कामाचे असतात. पेशी बिघडू लागल्या की त्या ठरावीक प्रथिनांचे तुकडे लाळेत सोडतात. डोळ्यांना व्रण दिसायच्या कितीतरी आधी हे तुकडे वाढतात. ते वाढताना दिसले की तांबडी खूण. तिचा अर्थ तोंडाच्या कॅन्सरचा संशय. ही खूण फक्त डॉक्टरला दिसते. सवयींचा अहवाल मात्र दोघांना जातो: डॉक्टरला, आणि फॉर्मवर लिहिलेल्या 'जबाबदार नातेवाइकाला'.

काकूंच्या फॉर्मवर तो नंबर अनसूयाने स्वतः लिहिला होता. त्र्यंबकराव नागणे, म्हणजे नागणे गुरुजी, काकूंचे यजमान. दसऱ्यानंतर कॅप बसवली तेव्हा काकू खुर्चीत तोंड उघडून पडल्या होत्या, आणि बाईमाणसाच्या फॉर्मवर नवऱ्याचा नंबर घालायची गावातल्या प्रत्येक दवाखान्याची रीत. काकूंना विचारायचं तिला सुचलंही नव्हतं.

आणि गुरुजी तर तिचे स्वतःचे शिक्षक. सातवीत असताना त्यांनी सगळ्या वर्गाला उभं करून शपथ दिली होती: तंबाखूला हात लावणार नाही. आज ते तालुक्याच्या व्यसनमुक्ती मंडळाचे अध्यक्ष होते.

*

दुसऱ्या दिवशी काकू आल्या. नऊवारी, कपाळावर ठसठशीत कुंकू, बोलणं हळू.

"काकू, आ करा."

अनसूयाने आरसा फिरवला. जिभेची बाजू, गालाचं अस्तर, टाळू, दाढांमागचा कोपरा. मिश्री लावणाऱ्या बाईच्या हिरड्यांवर जी काळसर रेघ असते, ती नव्हती. संशय मात्र गेला नाही. रोज घासून घालवतही असतील.

"काकू, परत विचारते. मिश्री, तपकीर, काही?"

"नाही हो डॉक्टरबाई."

"पान? पानात चिमूटभर?"

"मी एकभुक्त राहते. दुपारचं जेवण, संध्याकाळी दूध. मधे तोंडात तुळशीचं पान सोडून काही जात नाही."

"मग दुपारी एक वाजता तंबाखू कुठून येते?"

काकूंनी पदर सावरला. "ते तुमच्या यंत्राला विचारा. घरात हे रोज मलाच विचारतात. माझी पेटी उपसली, देव्हाऱ्यामागे बघितलं. परवा देवापुढे हात ठेवायला लावला."

"ठेवलात?"

"ठेवला. खरं बोलायला काय होतं?"

अनसूयाला वाईट वाटलं. पण वाईट वाटणं वेगळं आणि विश्वास ठेवणं वेगळं. तिने कॅन्सरच्या संशयाचं शांतपणे सांगितलं, तपासासाठी तुकडा घ्यावा लागेल म्हणाली. काकूंनी मान हलवली. दाढेजवळच्या हिरडीचा तांदळाएवढा तुकडा काढून सोलापूरला पाठवला. टाका घालताना काकूंच्या डोळ्यांतून पाणी आलं. रझियाआपांनी ते कापसाने टिपलं आणि अनसूयाकडे पाहिलं नाही.

*

दोन दिवसांनी गुरुजी आले. पांढरी दाढी आता छातीपर्यंत आली होती. हातातला फोन त्यांनी टेबलावर आपटला.

"अनसूया, हे काय चाललंय? तीन आठवडे! अध्यक्षाच्या घरात तंबाखू! उद्या कुणी हा फोन बघितला तर मी कुठल्या तोंडाने शपथ देऊ?"

"बसा गुरुजी. चहा घ्या."

"चहा नको. हिच्या तोंडात काय सापडलं ते लेखी दे. मंडळाच्या चार बायका घरी बोलावतो, त्यांच्यापुढे कबूल करू दे. लाज वाटली की सुटतं."

"तुकडा कशाला घेतला, तेही विचारलंत का त्यांना?"

"सांगितलं नाही तिने. कशाला घेतलास?"

तोंडात आलेलं उत्तर अनसूयाने गिळलं. ही माहिती काकूंची होती. त्यांनी घरी सांगितली नव्हती, म्हणजे ती सांगायचा हक्क तिला नव्हता.

"ते त्यांनाच विचारा गुरुजी."

"अगं, मी नवरा आहे तिचा!"

"हो. आणि मी डॉक्टर आहे त्यांची."

गुरुजी तिच्याकडे बघत राहिले. शाळेत कुणी उलटून बोललं की असेच बघायचे. तेवढ्यात रझियाआपांनी चहा आणून ठेवलाच. गुरुजींनी कप उचलला, ओठाला लावला, झटकन खाली ठेवला आणि रुमालाने तोंड झाकलं.

"गरम आहे," ते म्हणाले, आणि उठून गेले.

रझियाआपांनी कपाला हात लावून पाहिला. "कोमट तर आहे."

*

तुकड्याचा अहवाल पाचव्या दिवशी आला. हिरडी निरोगी. कॅन्सर नाही, त्याची सुरुवातही नाही.

अनसूयाने कंपनीला फोन लावला. पलीकडचा माणूस फार गोड बोलत होता.

"मॅडम, दुसऱ्या जागेचा तुकडा घ्या. मग तिसऱ्या जागेचा. जागल्या चुकत नाही. आमचा अनुभव असा आहे की यंत्र खोटं बोलत नाही, पेशंट बोलतो."

"तुम्ही त्यांना बघितलंय का?"

"बघायची गरज नाही मॅडम. आकडे आहेत ना."

तिने फोन ठेवला. चार दिवसांपूर्वी हेच वाक्य कदाचित तीही बोलली असती. ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं तेव्हा पहिल्यांदा बोचलं.

तिने महिन्याच्या सगळ्या नोंदी उघडल्या. रोज दुपारी पाऊण ते सव्वा, तंबाखूची एक लहानशी उसळी. बाकी दिवसभर काही नाही. मिश्री लावणारी बाई सकाळी उठल्याबरोबर लावते. ही सकाळ कोरी कशी? उसळी दर आठवड्याला थोडी वाढत होती. मधे चार दुपारी कोऱ्या होत्या. तिने भिंतीवरचं पंचांग काढलं. आश्विनातली संकष्टी. वद्य एकादशी. कार्तिकी एकादशी.

"आपा, हे बघा. उपवासाच्या दिवशी तंबाखू नाही."

"मग झालंच की. देवाला घाबरून त्या दिवशी लावत नाहीत."

अनसूयाला ते तंतोतंत पटलं. ती स्वतः उपवास करणारी. उपवासाला काय चालतं आणि काय चालत नाही, ते तिला पाठ. यंत्र बनवणाऱ्याला हे कधी सुचलं नसतं. पण बार्शीच्या बाईला सुचलं, आणि म्हणून काकूंचा अपराध तिच्या मनात आता पक्काच झाला.

राहिली चौथी कोरी दुपार. कार्तिक शुद्ध सप्तमी, मंगळवार. त्या दिवशी कुठलाच उपवास नव्हता.

तिने बोट तिथेच ठेवलं. हिशेब तिथे अडत होता.

*

काकू टाका काढायला आल्या, तेव्हा तिने सहज विचारावं तसं विचारलं.

"काकू, दिवाळीनंतरच्या मंगळवारी दुपारी काय जेवलात?"

"त्या मंगळवारी?" काकूंनी आठवलं. "हे लातूरला होते, शिबिराला. घरी मी एकटीच."

"मग त्या दिवशी वेगळं काय केलंत?"

"वेगळं काय? वरण-भात, मेथी. यांचं ताट वाढलं, देवापुढे ठेवलं, नमस्कार केला आणि त्यातच जेवले."

"यांचं ताट म्हणजे?"

काकू जरा लाजल्या. "माझा नेम आहे. एक्केचाळीस वर्षं झाली. त्यांचं जेवण झालं की त्यांच्याच ताटात जेवायचं, उरलेल्यासकट. गावाला असले की ताट देवापुढे ठेवून. तुम्हा शिकलेल्या बायकांना हसू येईल."

अनसूयाला हसू आलं नाही. तिच्या हातातली कात्री थांबली होती.

"ताटात हल्ली उरतं का?"

"हल्ली फार उरतं. भात कालवतात, चार घास खातात, एखादा तोंडातून काढूनही ठेवतात. तिखट तर अजिबात नको. भाकरी महिनाभर बंद आहे. म्हणतात, वय झालं." बोलता बोलता काकूंचा आवाज मंदावला. "एका बाजूनेच चावतात."

कालवणारी बोटं तोंडात जातात, तीच बोटं परत भातात. धागे तर इतके बारीक, की भांडंभर पाण्यातला मिठाचा एक खडाही ओळखतील. उपवासाला ते जेवण नाही, म्हणून त्या दुपारी कोऱ्या.

"डॉक्टरबाई," काकू अगदी हळू म्हणाल्या, "म्हणजे ते माझं नाहीच?"

'तुमचं नाही' असं सांगणं अनसूयाचं कर्तव्य होतं. 'मग कुणाचं' हे मात्र ज्या माणसाबद्दल होतं, त्याने तिच्याकडे कधी तोंड उघडलं नव्हतं, कुठल्या कागदावर सही केली नव्हती.

"तुमच्या तोंडात आजार नाही काकू. तंबाखूही तुमची नाही. एवढं मी छातीठोकपणे सांगते. तुम्ही तीनदा खरं सांगितलंत आणि मी तीनदा अविश्वास दाखवला. टाका घालायची वेळ माझ्यामुळे आली. चुकले मी. आणि तुम्हाला न विचारता नंबर लिहिला, तो आज काढते."

"आणि बाकीचं?"

"बाकीचं मी बोलू शकत नाही."

काकू खुर्चीतून उतरल्या. आरशात बघून कुंकू नीट केलं. "तुम्ही काही बोलला नाहीत," त्या म्हणाल्या. "हे मीही लक्षात ठेवते."

*

त्या गेल्यावर संगणकावर कंपनीचा कॉल आला. या नोंदी पेशंटच्या नसाव्यात, अशी हरकत अनसूयाने नुकतीच घेतली होती, तिचं उत्तर. आवाज तोच, गोड.

"मॅडम, तुमचा मुद्दा रोचक आहे. लाळेत दुसऱ्या माणसाच्या पेशी असतील, तर आम्ही दहा मिनिटांत सांगतो. पुरुष की स्त्री, अंदाजे वय, आजार किती पुढे गेलाय. फक्त संमतीचं बटण दाबा."

"कुणाची संमती?"

"पेशंटची आहेच की आमच्याकडे."

"ती त्यांच्या तोंडाची आहे."

"मॅडम, तोंड त्यांचंच आहे. त्यात जे येईल ते त्यांचं."

बार्शीत अशा किती कॅप बसवल्या होत्या तिने? दोनशे? त्या दोनशे तोंडांतून किती घरांचे घास, किती मुलांचे मुके, किती न सांगितलेली औषधं या माणसाकडे रोज जात होती? आणि तो खरंच बटण दाबायची वाट बघत होता, की सगळं आधीच बघून झालं होतं आणि फक्त तिची सही हवी होती?

बटण मात्र मोहाचं होतं. एका क्षणात खात्री झाली असती. गुरुजींना आठवड्याचा उशीर परवडणारा नव्हता, हे तिला तो कोमट चहा आठवून आता वाटत होतं. तिचा हात उचलला गेला, थबकला. चोरून मिळवलेली खात्री घेऊन ती गुरुजींसमोर कशी उभी राहणार होती?

तिने 'नाही' दाबलं. मग लगेच गुरुजींना फोन लावला. "गुरुजी, पन्नाशीपुढच्या माझ्या सगळ्या शिक्षकांना मी एकदा तोंड तपासायला बोलावतेय. तुम्ही उद्या या."

"माझे दात ठणठणीत आहेत," गुरुजी म्हणाले आणि फोन बंद झाला.

*

तिसऱ्या दिवशी सकाळी दार ढकलून गुरुजी आत आले. मागे काकू, ओठ सुकलेले, भिंतीला धरून चालणाऱ्या. बाहेर बाकावर पाचसहा पेशंट होते.

"काय सांगितलंस हिला?" गुरुजींचा आवाज चढला होता, पण ओठ नीट उघडत नव्हते. "दोन दिवस जेवली नाही. मला वाढते, माझं ताट उचलते आणि घासून पालथं घालते. विचारलं तर एकच, 'दवाखान्यात चला.' काय सांगितलंस?"

"त्यांच्या तोंडाबद्दल मी तुम्हाला काही सांगणार नाही गुरुजी. तुमच्या तोंडात काय दिसेल, ते त्यांना सांगणार नाही. खुर्चीत बसा."

"मला काही झालेलं नाही."

"मग बसायला काय हरकत आहे?"

गुरुजींनी मागे पाहिलं. काकू बाहेरच्या बाकावर जाऊन बसल्या. दार लागलं.

ते खुर्चीत बसले. दिवा लावला तसं त्यांनी डोळे मिटून घेतले.

"अनसूया. तो रिपोर्ट माझा होता ना?"

"तुम्हाला केव्हा कळलं?"

"पहिल्या आठवड्यात संशय आला. आधी वाटलं, हिला माझी पुडी सापडली, त्यातलीच खाते. मोजून ठेवली. पुडी तेवढीच. मग कळलं, माझ्या ताटातून जातंय." ते थांबले. "मुलगा गेला त्या वर्षी सुरू झाली. एक चिमूट, गालात. सोडणार होतो."

"आणि काकूंचा हात देवापुढे?"

गुरुजींनी दिव्यापासून तोंड वळवलं.

"तोंड उघडा."

निरोगी माणसाच्या तोंडात तीन बोटं उभी मावतात. गुरुजींच्या तोंडात दीडच गेलं. गालाचं अस्तर पांढरं, ताठ झालेलं. डाव्या दाढांमागे तांबूस, उंचवट्याचा व्रण, रुपयाहून थोडा लहान. अनसूयाने आरसा बाहेर काढला आणि हातमोजे उतरवताना पाठ फिरवली. शिक्षकांसमोर रडायचं नव्हतं.

"आजच सोलापूरला जायचं. मी चिठ्ठी देते, फोनही करते. अजून वेळ आहे, पण वाया घालवायला नाही."

"जातो. पण एक कर." त्यांनी तिचा हात धरला. "हिच्या रिपोर्टला हात लावू नकोस. तंबाखू तिच्याच नावावर राहू दे. ती काही म्हणणार नाही. हजारो मुलांनी माझ्यापुढे शपथ घेतलीय गं. ती मुलं काय म्हणतील?"

त्या मुलांमध्ये तीही होती. तिने हात सोडवून घेतला.

"गुरुजी, तुमचा आजार मी मरेपर्यंत कुणाला सांगणार नाही. ते माझं व्रत समजा. पण काकूंच्या कागदावर खोटं राहणार नाही. तो आज दुरुस्त होणार: 'ही तंबाखू रुग्णाच्या सेवनाची नाही.' कुणाची, ते मी लिहीत नाही."

"दोघांच्या घरात दुसरं कोण आहे? लोकांना काय आकडे कळत नाहीत?"

"म्हणून लोकांच्या आधी तुम्ही सांगा. दारापलीकडे बसल्यात."

मग गुरुजी उठले. दार उघडलं. बाकावरचे लोक अदबीने सरकले. एकाने 'नमस्कार गुरुजी' म्हटलं.

"भागीरथी," गुरुजी म्हणाले. सगळ्यांसमोर. "ती माझी होती. मीच खात होतो."

काकूंनी मान वर केली.

"मला दोन दिवस झाले कळून," त्या म्हणाल्या. "तुम्ही कधी सांगता, ते बघत होते."

रझियाआपांनी घाईघाईने दुधाचा पेला आणला. काकूंनी तो दोन्ही हातांनी घेतला, सावकाश संपवला. मग अनसूयाला जवळ बोलावलं.

"डॉक्टरबाई, एक विचारते. यांच्या ताटात जेवलं तर हा आजार लागतो का?"

"नाही काकू. असा लागत नाही. मुळीच भीती नाही."

"बरं झालं." काकूंनी पेला बाकावर ठेवला, उठून गुरुजींचा दंड धरला. "म्हणजे यापुढे मी त्या ताटात जेवणार नाही ते भीतीने नाही, एवढं यांना कळेल. चला, सोलापूरची गाडी चुकेल."